अंगठ्याच्या आधी

सांगलीच्या गावभागात, नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात माईंचं दुमजली घर आहे. वर त्या एकट्या राहतात आणि खालच्या दोन खोल्या भाड्याने देतात. 2005 साली कृष्णेचं पाणी त्या खोल्यांत गुडघाभर आलं होतं. 2019 च्या ऑगस्टात ते खिडकीच्या वरच्या चौकटीला टेकलं आणि दिवसचे दिवस तिथून हललं नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांवर गेलं की इशारा पातळी, 45 फुटांवर धोका पातळी. त्या वर्षी ते 57 फुटांच्या वर गेलं होतं.

पूर ओसरला की भिंतीवर रेघ राहते. गावभागातली बरीच माणसं ती पुसत नाहीत, शेजारी तारीख घालून ठेवतात. माईंच्या यजमानांनी 2005 ची रेघ लाल तैलरंगाने जाड केली होती. 2019 ची रेघ गाळानेच इतकी ठळक ओढली होती की तिला रंगाची गरज नव्हती. खाली राहणारे एसटीतले निवृत्त कंडक्टर आणि त्यांची बायको उरलंसुरलं सामान टेम्पोत घालून तासगावला मुलीकडे गेले, ते परतले नाहीत.

दिवाळीत ठाण्याहून माईंचा मुलगा विनय आला. त्याने खालचा फुगलेला गिलावा खरवडून काढला, नवा करून घेतला आणि वर दोन हात रंग मारला. दोन्ही रेघा गेल्या.

"रेघ दिसली तर कोण राहील इथं?" तो म्हणाला. माईंना त्यात गैर वाटलं नाही. घर स्वच्छ दिसत होतं.

मग टाळेबंदी आली. खोल्या रिकाम्याच राहिल्या. माईंना यजमानांच्या मागे मिळणारं निवृत्तिवेतन तुटपुंजं होतं. औषधं आणि विजेचं बिल खालच्या भाड्यावर चालायचं. 2021 च्या फेब्रुवारीत सुरेखा आपल्या मुलीला घेऊन खोल्या बघायला आली, तेव्हा माईंना देव पावल्यासारखं झालं.

सुरेखा जत तालुक्यातली, उमदीकडची. नवरा वारलेला. शिवणकाम करून मुलीला शिकवत होती. पोरगी पूजा विलिंग्डनला जाणार, आणि आई इथेच ब्लाउज, फॉल-पिको सुरू करणार. शिलाईची दोन मशीन, एक ओव्हरलॉक, त्यातलं एक बचतगटाच्या कर्जावर घेतलेलं.

माईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. घरी कोण कोण, पाहुणे फार येतात का, मटण-मासे करता का, मुलगी रात्री किती वाजता घरी येते, हप्ता थकलेला नाही ना. सुरेखाने एकेक उत्तर दिलं, चेहऱ्यावर काही न आणता. भाड्याने राहणाऱ्या माणसाला आपल्याकडे स्वतःचं सगळं आयुष्य असं उंबऱ्यावर मांडावं लागतं. वर पोलीस ठाण्याचा भाडेकरू माहितीचा अर्ज असतोच: फोटो, आधार, मूळ गाव, ओळखीच्या माणसांची नावं. त्यात चूक काही नाही, मालकालाही काळजी असते. पण हे विचारणं एकाच बाजूने चालतं, याचं मला नेहमी वाईट वाटत आलं आहे. घराचा इतिहास विचारायची भाडेकरूला हिंमत होत नाही, आणि विचारला तर मालकाला तो अपमान वाटतो.

सुरेखाने घर नीट पाहिलं. कडी लावून बघितली, बटणं दाबून बघितली, मोरीत वाकून पाहिलं, मशीन कुठे बसेल ते पावलांनी मोजलं. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"पाणी येतंय काय हो घरात?"

तिच्या गावी उन्हाळ्यात टँकर यायचा. टँकरची वाट बघत घागरी रांगेत लावण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. तिला नळाचं विचारायचं होतं, हे माईंना कळलं.

"येतं की. सकाळी दोन तास, संध्याकाळी तासभर."

ते खरं होतं. सुरेखाचा चेहरा उजळला, तिने पिशवीतून दोन हजार काढून विसार म्हणून माईंच्या हातावर ठेवले. भाडं साडेपाच हजार, अनामत वीस. येत्या रविवारी करार करायचा ठरलं. ती गेली आणि माईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या नानांकडे गेल्या. नाना कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झाले आणि आता भाड्याचे, बक्षीसपत्राचे, वाटणीचे दस्त लिहून देतात. वकील नाहीत, पण चाळीस वर्षं वकिलांची भांडणं कानांवर घेतलेला माणूस.

"अकरा महिन्यांचाच करार ना?" नानांनी छापील मसुदा काढला. "लेखी करायचा आणि नोंदवायचाच, माई. 1999 च्या भाडे कायद्याच्या कलम 55 मध्ये नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नाही केली तर दंड, तुरुंगाचीही तरतूद आहे. शिवाय उद्या वाद झाला तर अटी काय होत्या याबाबत भाडेकरू म्हणेल ते धरलं जातं, आणि ते खोटं आहे हे तुम्हाला शाबीत करत बसावं लागतं."

ते मसुदा वाचू लागले. भाडं, अनामत, मुदत, वीजबिल. मग एक ओळ आली: जागा प्रत्यक्ष पाहून, तपासून व समाधान झाल्यावर घेतली आहे.

"हे सगळ्यांतच असतं?" माईंनी विचारलं.

"सगळ्यांत."

"तिने पाहिलंय ते नवा रंग पाहिलाय, नाना."

नानांनी चष्मा काढला. त्यांनी 2019 चा पूर स्वतःच्या माळ्यावर बसून काढला होता. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

"कायदा काय म्हणतो ते सांगतो. बाकी तुमचं तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "1882 साली इंग्रजांनी दोन कायदे केले. एक ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट. त्याच्या 108 कलमात मालकाची कर्तव्यं दिली आहेत, आणि त्यातलं पहिलंच कर्तव्य सांगण्याचं. ज्या कामासाठी जागा घेतली जाते त्या कामाला मारक असा मोठा दोष मालकाला ठाऊक असेल, घेणाऱ्याला ठाऊक नसेल, आणि साधारण काळजीने बघूनही त्याला तो सापडण्यासारखा नसेल, तर मालकाने तो सांगितला पाहिजे. जागेचा ताबा द्यायचं कर्तव्य त्याच्या नंतर येतं."

"आधी सांगा, मग किल्ली द्या."

"असंच. पण तो झाला भाडेपट्ट्याचा कायदा. आपण हल्ली करतो ते लिव्ह अँड लायसन्स. त्याला दुसरा कायदा, इझमेंट ॲक्ट, तोही 1882 चाच. आपल्याकडे 1891 पासून लागू आहे. त्याच्या कलम 57 मध्ये आहे, की परवाना घेणाऱ्याच्या जिवाला किंवा मालाला धोका होईल असा जागेतला दोष देणाऱ्याला माहीत असेल आणि घेणाऱ्याला नसेल, तर देणाऱ्याने तो सांगायचा. गळका नळ त्यात बसायचा नाही. जीव आणि माल, एवढंच. पण त्यात 'साध्या काळजीने दिसेल की नाही' हे शब्द नाहीत. तुम्हाला माहीत आणि तिला माहीत नाही, इतकं पुरतं."

माई गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "पूर हा घराचा दोष म्हणायचा की नदीचा?"

"यावर दोन वकील दोन दिवस भांडतील. आणि तिसरा म्हणेल, सांगलीला पूर येतो हे जगजाहीर आहे, त्यात लपवलं काय?" नाना थोडे थांबले. "पण एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली पाहिजे. कॉन्ट्रॅक्ट ॲक्टमध्ये गप्प बसणं आणि झाकणं यांत फरक केलेला आहे. नुसतं गप्प बसणं ही दर वेळी फसवणूक होत नाही. बोलायचं कर्तव्य असेल तेव्हा होते. पण माहीत असलेली गोष्ट हाताने झाकली, तर ती सरळ फसवणूक, कलम 17. आणि तसा करार समोरच्याला मोडता येतो. दमट भिंतीपुढे कपाट सरकवणं, नोटीस फाडून ठेवणं, रेघेवर रंग मारणं, हे सगळं झाकण्यात येऊ शकतं."

"रंग विनयने मारला."

"घर तुमचं आहे, माई."

मला या जागी माईंबद्दल आदर वाटतो तो एवढ्यासाठी, की त्यांनी नानांना पुढे विचारलं नाही की सुटायची वाट कुठली. वाट होती. कलम 108 च्या सुरुवातीलाच लिहिलेलं आहे, की उलट करार नसेल किंवा स्थानिक रिवाज वेगळा नसेल तर ही कर्तव्यं लागू. 'जागा आहे त्या स्थितीत घेतली' अशा ओळींना वकील त्या वाटेवर उभं करतात. पण कोर्टात काय टिकेल हा एक हिशेब आहे, आणि सुरेखाचं कर्जाचं मशीन गाळाखाली गेलं तर त्याचं काय हा दुसरा. पहिल्या हिशेबाने दुसरा सुटत नाही.

तरीही त्या लगेच सांगायला गेल्या नाहीत. सुरेखाचा नंबर त्यांच्याजवळ होता. सोमवार गेला, मंगळवार गेला. औषधाच्या पट्ट्या संपत आल्या होत्या.

गुरुवारी रात्री विनयचा फोन आला. आवाज चढलेला.

"आई, आम्ही राहतो ती इमारत धोकादायक यादीत आहे. सी-2-ए. म्हणजे रिकामी करून मग दुरुस्ती करायची. महापालिकेची नोटीस गेल्या पावसाळ्याआधीच आली होती आणि आम्ही नोव्हेंबरात राहायला आलो! मालकाने चकार शब्द काढला नाही. पेपरवाल्याकडून कळलं. पिंट्या ज्या खोलीत झोपतो ना, तिच्या तुळईला भेग आहे, ती त्याने पुट्टीने बुजवली होती. आज विचारलं तर म्हणतो, तुम्ही विचारलं नाहीत."

माईंनी नातवाची चौकशी केली, त्याला दुसऱ्या खोलीत झोपवायला सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "विनय, खालची रेघ आपण कशासाठी झाकली रे?"

"ते वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

"इथं स्लॅब डोक्यावर आहे, आई. तिथं पूर चौदा वर्षांनी आला. उद्याच येणार आहे का? आणि त्या भाड्यावर तुझी औषधं चालतात. सांगत बसलीस तर खोल्या रिकाम्या राहतील. मग?"

"तुझ्या मालकाचंही काही तरी चालत असेल त्या भाड्यावर."

विनयने फोन ठेवला नाही, पण तो बोललाही नाही. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. औषधं खरी होती, रिकाम्या खोल्या खऱ्या होत्या. घर भाड्याने देणारे सगळे श्रीमंत नसतात. कित्येकांचा महिना त्या एका खोलीवर उभा असतो, आणि बहुतेक लपवणूक लोभापेक्षा धास्तीतून होते. धास्ती समजून घेता येते. तिची किंमत न सांगता दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही.

रविवारी नानांचा पुतण्या अंगठ्याचं यंत्र आणि लॅपटॉप घेऊन आला. हल्ली भाडेकराराची नोंदणी घरबसल्या होते. आधार क्रमांक, फोटो, अंगठा, की झालं. सुरेखा नवी साडी नेसून आली होती. पूजाने पेढे आणले होते. पुतण्याने यंत्र पुढे सरकवलं तेव्हा माई म्हणाल्या, "अंगठ्याच्या आधी जरा खाली चला."

खालच्या खोलीत त्या खिडकीपाशी उभ्या राहिल्या आणि हात वर करून त्यांनी तळवा भिंतीला लावला. हात पुरता पोचत नव्हता.

"2019 ला पाणी याच्या वर होतं. 2005 ला इथं, गुडघ्याला. दोन्ही रेघा होत्या, आम्ही रंगवून टाकल्या. तुम्ही आलात त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं."

सुरेखा भिंतीकडे बघत राहिली. मग माईंकडे वळली.

"मी इचारलं न्हवतं व्हय तुमास्नी? पाणी येतंय काय म्हणून?"

"विचारलं होतं."

"आनि तुमी नळाचं सांगिटलं."

माईंनी कारण सांगितलं नाही. सुरेखाने दोन हजार परत मागितले, मोजून घेतले आणि ती मुलीला घेऊन निघून गेली. पेढ्यांचा पुडा ओट्यावर राहिला. खरं सांगणाऱ्याला लगेच धन्यवाद मिळतात असं काही नाही; उशिरा सांगणाऱ्याला तर नाहीच.

पुढे आणखी दोघं खोल्या बघायला आली. माईंनी त्यांना दारातच सांगितलं. दोघंही गेली. माईंनी बँकेतल्या ठेवीतले थोडे पैसे मोडले.

महिन्याभराने सुरेखा परत आली. या वेळी एकटी, आणि बसली नाही.

"सात घरं बघिटली. समद्यास्नी इचारलं, पूर येतोय काय. समदी म्हंत्यात, हितं न्हाई येत. समोरचं घर तर तुमच्यापरास खाली हाय, पायऱ्या उतराय लागत्यात, तरी ते बी म्हंत्यात न्हाई येत. मग माझ्या ध्यानात आलं, पूर समद्यांच्यात येतोय, सांगतंय कोनच न्हाई. तुमी सांगिटलं, उशिरा का हुईना. पर आता भाव माझा."

तिचा भाव असा होता. भाडं बेचाळीसशे. पावसाळ्यात पाणी चढू लागलं की तिची मशीन आणि गिऱ्हाइकांचे कपडे माईंच्या माडीवरच्या खोलीत ठेवायचे. घर राहण्याजोगं नसेल तितक्या दिवसांचं भाडं नाही. आणि हे सगळं कागदावर.

माईंनी पंचेचाळीसशे म्हटलं. बेचाळीसवर नाही, पंचेचाळीसवरही नाही, शेवटी त्रेचाळीसवर तुटलं. एकदा बोलायला लागल्यावर माई थांबेनात. मागची भिंत आषाढात ओल धरते. इस्त्री आणि मशीनची मोटार एकदम लावली की फ्यूज उडतो. एप्रिलात नळाची धार बारीक होते. संडासाची टाकी दोन घरांत मिळून आहे आणि शेजारी उपशाचे पैसे द्यायला कुरकुरतात. सुरेखा ऐकत होती, मधूनच म्हणत होती, "बरं, फुडं?"

नानांनी छापील मसुद्यातली 'पाहून, तपासून' ही ओळ खोडली आणि तिच्या जागी लिहिलं: सदर जागेत 2005 व 2019 साली पुराचे पाणी शिरले होते; 2019 साली ते खिडकीच्या वरच्या चौकटीपर्यंत होते; ही गोष्ट मालकाने करारापूर्वी सांगितली आहे. खाली सुरेखाच्या अटी. मग अंगठे झाले.

त्याच वर्षी, 2021 च्या जुलैत, पाऊस असा लागला की 22 तारखेपासून कृष्णाकाठ पुन्हा जागा झाला. कोयनेतून विसर्ग सुरू झाला, हरिपूरजवळ येऊन मिळणारी वारणाही फुगलेली. पूजा फोनवर आयर्विनची पातळी बघत होती. कुठल्या फुटाला बोळाच्या तोंडाशी पाणी दिसतं, कुठल्या फुटाला पायरी बुडते, हे माईंनी तिला वहीत लिहून दिलं होतं. चोवीस-पंचवीस वर्षांचं नदीचं शिक्षण दोन पानांत. 35 फुटांवर मशीन वर गेली. गिऱ्हाइकांच्या ब्लाउजची गाठोडी, पंचमीसाठी आलेल्या साड्या, कागदपत्रांची पेटी, गॅस, गाद्या, सगळं वर. पाणी 40 ओलांडून गेलं तेव्हा खाली फक्त एक लाकडी पलंग होता. पुढे महापालिकेची गाडी आली आणि सगळ्यांनाच हलावं लागलं. त्या खेपेला पाणी 50 फुटांच्या वर जाऊन उतरलं. 2019 इतकं नाही, पण खालची खोली निम्म्याहून जास्त बुडाली. पलंग फुगून फुटला. सुरेखाचं नुकसान तेवढंच, आणि चिखल काढण्याची मजुरी.

समोरच्या घरात दोन कॉलेजची पोरं भाड्याने होती, कवठेमहांकाळकडची. कॉलेज बंद म्हणून ती गावी गेली होती. खोली हातची जाऊ नये म्हणून भाडं मात्र दर महिन्याला पाठवत होती. सामान कुलपात. पत्र्याच्या पेटीत पुस्तकं, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला. मालक पुण्यात. पाणी चढतंय हे पोरांनी टीव्हीवर बघितलं, पण आपल्या खोलीत शिरेल असं त्यांच्या डोक्यातच आलं नाही. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

पाणी उतरल्यावर एका पोराचे वडील आले. पेटी उघडली तर आत कागदांचा लगदा. त्यांनी तिथूनच मालकाला फोन लावला. मालकाचं म्हणणं होतं, की सांगलीत पूर येतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, यात मी काय सांगायचं होतं?

हे उत्तर ऐकायला बिनतोड वाटतं आणि अशा वेळी सगळे मालक हेच देतात. सांगलीला पूर येतो हे जगजाहीर आहे, खरंच. पण सांगलीला येतो म्हणजे कुठल्या बोळात, कुठल्या खोलीत, किती उंचीवर, हे जगजाहीर नाही. ते फक्त त्या घराला आणि घरमालकाला माहीत असतं.

सुरेखा त्या गृहस्थांना पाणी द्यायला गेली होती. तिने त्यांना आतल्या भिंतीकडे बघायला सांगितलं. पुराने नवा रंग पापुद्र्यासारखा सोलून काढला होता आणि खाली 2019 ची रेघ स्वच्छ दिसत होती, शेजारी जुन्या कुणी तरी खिळ्याने कोरलेली तारीख. नाना आले, त्यांनी फोटो काढून ठेवायला सांगितले, आणि ओळखीच्या वकिलाकडून मालकाला नोटीस गेली. तिच्यात कलम 57 होतं, कलम 17 होतं आणि तो फोटो होता. मालकाने कोर्टापर्यंत जाऊ दिलं नाही. अनामत परत केली, वर टाळेबंदीत घेतलेलं भाडंही दिलं. गुणपत्रिकांच्या दुय्यम प्रतींसाठी मात्र पोरांना कोल्हापूरच्या बोर्डाच्या कार्यालयात अर्ज करावे लागले, आणि जातीच्या दाखल्यासाठी पुन्हा तहसीलच्या रांगेत उभं राहावं लागलं. ते कुठल्या नोटिशीने भरून निघत नाही.

विनयने ठाण्याचं घर तोवर सोडलं होतं. पुढच्या घराच्या वेळी त्याने मालकाला तीन गोष्टी लेखी विचारल्या: इमारतीला महापालिकेची नोटीस आहे का, सोसायटीत पुनर्विकासाचा ठराव झाला आहे का, आणि फ्लॅटवर कर्ज असेल तर हप्ते चालू आहेत का. तिसरा प्रश्न त्याला नानांनी सुचवला होता. कर्ज थकलं आणि बँक ताबा घ्यायला आली, की भाडेकरूने वेळच्या वेळी भरलेलं भाडं त्याला तिथे राखत नाही. अनामत कुणाकडे मागायची हेही कळत नाही. मालक रागावला. "एवढी चौकशी करायची तर विकतच घ्या," म्हणाला. विनयने ते घर घेतलं नाही. दुसऱ्या मालकिणीने तिन्हींची उत्तरं दिली, आणि ठराव होऊ घातलाय हेही सांगितलं. दीड वर्ष मिळेल, कदाचित कमी. तो तिथे राहायला गेला.

सुरेखाचा करार पुढे नवा झाला तेव्हा विनय सांगलीत होता. साक्षीदार म्हणून त्याने मसुदा वाचला, पुराच्या ओळीत 2021 ची भर घातली आणि त्याखाली आपणहून लिहिलं, की 2019 नंतर आधीच्या खुणा मी स्वतः रंगवून झाकल्या होत्या. सुरेखाने ते वाचलं, आणि या भरीबद्दल भाड्यात दोनशे कमी करा म्हणाली. माई नाही म्हणाल्या. शंभरावर तुटलं.

नानांनी त्यानंतर आपल्या मसुद्याला एक कोरं पान जोडलं. वर एवढंच लिहिलेलं: या जागेबद्दल मला माहीत असलेल्या आणि राहायला येणाऱ्याला माहीत नसलेल्या गोष्टी. खाली ओळी. मालकाने स्वतःच्या हाताने भरायच्या, राहणाऱ्याने वाचून सही करायची, मग अंगठा. त्यांच्या फाईलमध्ये आता अशी बरीच पानं आहेत. गच्चीची पश्चिमेकडची बाजू गळते. वीजमीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर आहे, मागची थकबाकी आहे. भावाबरोबर वाटणीचा दावा चालू आहे, पुढची तारीख पडली आहे. जिना रात्री अंधारात असतो, चौथी पायरी सैल आहे. एका पानावर फक्त 'काही नाही' असं आहे आणि खाली भाडेकरूने लिहिलंय, 'मी विचारलं होतं'.

सगळेच भरतात असं नाही. काही जण पान बघून उठून जातात, समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापील मसुदा मिळतो, तो सोपा पडतो. नाना त्यांना अडवत नाहीत, फी मात्र घेत नाहीत.

परवा एक गृहस्थ आले होते, विश्रामबागेतला फ्लॅट द्यायचा होता. राहायला येणारं जोडपं बाहेर बाकावर बसलेलं. गृहस्थांनी पान वाचलं, पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. दोन ओळी लिहिल्या. मग विचारलं, "बोअरचं पाणी मार्चनंतर आटतं, ते पण लिहायचं?"

"तुम्हाला माहीत आहे ना?" नाना म्हणाले. "मग लिहा. आणि टँकरचा खर्च कोण देणार, तेही आत्ताच ठरवून घ्या. त्यांना आत बोलावू का?"